सिंचना शांत झोपते

शिरसी
१८ जून १९९८

अक्का,

शाळेतून येऊन तास झाला, अजून साडी बदललेली नाही. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या, चहा गार झाला. तुला लिहिल्याशिवाय मला काही सुचायचं नाही.

आज मधल्या सुट्टीत सिंचनाने तिच्या वर्गातल्या रंजिताला पायऱ्यांवरून ढकललं. का, तर रंजिता म्हणाली, “सरक ना पुढे, झोपलीस का?” एवढंच. रंजिताचा पुढचा दात अर्धा तुटला, पांढऱ्या ब्लाउजवर रक्त. ओरडा ऐकून मी वर्गातून धावले तर माझी पोर भिंतीला टेकून उभी. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. शिपाई दारातच होता, तरी त्या थांबल्या नाहीत. “मंगलाबाई, लोकांची चाळीस पोरं तुम्ही सांभाळता, आणि घरचं एक आवरत नाही?” गेल्या आठवड्यात तिने वही फाडली, त्याआधी एकीच्या मनगटाला चावली. कन्नडच्या तासाला बाकावर डोकं टेकून पेंगते, उठवलं तर अंगावर येते. दुसरीच्या बाई मला तोंडावर म्हणाल्या, “मठ्ठ नाही हो ती, उद्धट आहे.”

चार वर्षांची होती तेव्हा किती बोलायची, आठवतं ना तुला? तुझ्या चष्म्याच्या घरात मुंग्या ठेवल्या होत्या. गेली दोन वर्षं कुणीतरी पोर बदलून ठेवल्यासारखं वाटतं. सासूबाई दृष्ट काढतात. हे सोसायटीच्या कचेरीतून दमून येतात, एक शब्द बोलत नाहीत, मग एकदम ओरडतात.

रात्री झोपते मात्र गाढ. हमालासारखी घोरते. सासूबाई हसतात, “आजोबांवर गेली,” म्हणतात. सकाळी मी तिला ओढून काढते तेव्हा अंग घामाने भिजलेलं असतं, कपाळ दुखतं म्हणून रडते. शाळा बुडवायची सोंगं, दुसरं काय.

अक्का, तुझ्या वसतिगृहात एकोणीस वर्षं तू शंभर मुलींना वळण लावलंस. माझी एक ठेवून घेशील? वर्षभर तरी.

तुझी
मंगला


हासन
२४ जून १९९८

मंगले,

नाही. माझ्याकडे पाचवीपासून घेतात. नियम मी केलेला नाही, पण मला तो मान्य आहे. आठ वर्षांच्या पोरीला आईची गरज असते, वॉर्डनची नाही.

आता मोकळेपणाने लिहिते, राग येऊ दे. तू तिला लाडावलं आहेस. लग्नानंतर सात वर्षांनी झाली म्हणून तिच्या प्रत्येक शिंकेला तू धावलीस. माझ्याकडे येतात अशा एकुलत्या एक मुली. पहिले पंधरा दिवस ताटं फेकतात, मग कुणी लक्ष देत नाही हे कळलं की आपोआप भात कालवतात.

साडेसातला जेवण, आठला अंथरूण. टीव्ही बंद. सकाळी सहाला उठवायचं, गार पाण्याने तोंड धुवायचं. पेंगली तर उभं करायचं. हात मात्र उगारू नकोस.

आणि एक विचारते. सुब्रायांचं आणि तुझं ठीक चाललंय ना? “एक शब्द बोलत नाहीत, मग एकदम ओरडतात” हे वाक्य मी तीनदा वाचलं. घरात काही धुमसत असलं की पोरं शाळेत जाऊन चावतात, हे मी पाहिलेलं आहे. माझ्यापासून लपवू नकोस.

अक्का


शिरसी
८ जुलै १९९८

अक्का,

आमच्यात काही धुमसत नाही. ते थकतात, मी थकते, एवढंच आहे. तू आमच्या अंथरुणापर्यंत पोचलीस म्हणून मला वाईट वाटलं. चार दिवस उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळेच.

तू सांगितलंस ते सगळं केलं. आठला दिवा बंद. सहाला उठवते, गार पाणी मारते. ती डोळे उघडून बघते पण समोर कुणी आहे असं तिला दिसत नसावं, असं बघते. गेल्या सोमवारी वर्गात उभं केलं तर उभ्याउभ्या झोपली आणि खाली पडली. पोरं हसली. तिने पाटी उचलून भिरकावली. नेमकी मी खिडकीपाशी होते. आत गेले आणि सगळ्या वर्गासमोर तिच्या तोंडात मारली. मी, अक्का. इतक्या वर्षांत परक्याच्या पोरावर कधी हात टाकला नाही.

घरी येताना रस्त्यात म्हणाली, “अम्मा, मला वाईट वागायचं नसतं. डोक्यात भुंगा असतो.”

आणखी एक तुला लिहिलं नव्हतं. लाज वाटली. ती अजून अंथरूण ओलं करते. तीनचार वर्षांची असताना सुटलं होतं, परत सुरू झालं. सासूबाई चादरी धुताना शेजारणीला ऐकू जाईल असं बोलतात.

मोठ्या बाई म्हणतात दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर दुसरी शाळा बघा. दुसरी शाळा म्हणजे मंदबुद्धी मुलांची, हे मला कळतं.

पण एक बरं आहे. आठवडाभर रात्री शांत आहेत. सिंचना शांत झोपते. घोरणंसुद्धा मध्येमध्ये थांबतं, अगदी चिडीचूप होतं. मला वाटतं तुझा नियम लागू पडतोय.

मंगला


हासन
१५ जुलै १९९८

मंगले,

तुमच्या दोघांचं विचारायला नको होतं. चुकलं.

वर्गात पडली ते वाचून मला बरं वाटेना. उभं करायला मीच सांगितलं होतं. ते बंद कर. चिडीचूप झोपत असेल तर झोपू दे, उठवू नकोस लवकर.

दसऱ्याच्या सुट्टीत इथे पाठव. मुली घरी जातात, मी आणि स्वयंपाकीण पुट्टम्मा दोघीच असतो. इतक्या मोठ्या इमारतीत तिला कुणाला चावावंसं वाटलं तरी कुणी सापडणार नाही.

अक्का


शिरसी
२० सप्टेंबर १९९८

अक्का,

दोन महिने लिहिलं नाही, रागावू नकोस. लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं. तिमाही परीक्षेत गणिताच्या कागदावर तिने फक्त नाव लिहिलं, तेही अर्धं.

मंगळवारी हे तिला घेऊन येतील आणि तिथूनच परत फिरतील. पिशवीत चार फ्रॉक, रबराची चादर, वहीपेन्सिल आहे. एक औषधाची बाटली आहे, रात्री झोपताना एक चमचा द्यायचा. सर्दीचं आहे. चुकवू नकोस.

ती सावकाश खाते, घास घोळवत बसते. ओरडू नकोस. तुला तरी ओरडू नको म्हणायचं धैर्य मला आहे, स्वतःला नाही.

मंगला


हासन
२६ सप्टेंबर १९९८

मंगले,

पोर बरी आहे, आधी एवढं वाच. मग पाणी पी आणि बाकीचं वाच.

पहिल्या दिवशी पुट्टम्माने तिच्या ताटात रागीमुद्दे वाढला. तुमच्याकडची भातखाऊ पोर, नाचणीचा असला गोळा कधी पाहिलेला नाही. पुट्टम्मा म्हणाली, “चावत बसू नकोस गं राणी, सारात बुडव आणि गिळ.” सिंचनाने बोराएवढा तुकडा तोंडात टाकला आणि तो घशात अडकला. डोळे पांढरे झाले. पुट्टम्माने पाठीत धपाटा घातला तेव्हा बाहेर आला. “या पोरीच्या घशाला दार लावलंय की काय?” असं ती म्हणाली. मी हसले. मूर्ख मी.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघी पडवीत घेवडा मोडत बसलो होतो. सिंचना शेजारीच चटईवर लवंडली आणि बोलता बोलता झोपली. मान मागे टाकलेली, तोंड उघडं. घोरायला लागली. पुट्टम्मा म्हणाली, “आमच्या नवऱ्याला हरवेल.” मग घोरणं थांबलं. मी शेंगा मोडत होते. एक, दोन, तीन. सातवी शेंग मोडली आणि माझ्या लक्षात आलं की पुढचा श्वास आलेलाच नाही. मी तिच्याकडे पाहिलं. पोट वरखाली होत होतं, छाती आत ओढली जात होती, गळ्याशी खड्डा पडत होता, आणि नाकातोंडातून काही येत नव्हतं. कुणीतरी उशी दाबून धरावी तशी ती आतल्या आत झगडत होती. मग एकदम श्वासाचा मोठा हबका आला, कूस बदलली, पुन्हा घोरणं.

घड्याळ आणलं. अठरा सेकंद. मग बावीस. मग चौदा. तासाभरात किती वेळा ते मोजायचं मी सोडून दिलं. पुट्टम्मा हसायची थांबली होती.

चिडीचूप होतं म्हणून तू खूश होतीस, मंगले. ते चिडीचूप म्हणजे हे आहे.

आता दुसरं. ती बाटली. तिच्यावरची चिठ्ठी नखाने खरवडलेली आहे. पोरीला सर्दी नाही. बुधवारी रात्री मी चमचा दिला, गुरुवारपासून देत नाही. शुक्रवारी मी सुब्रायांच्या सोसायटीत दोनदा फोन केला, मंगलाला सांगा अक्काला फोन करायला, म्हणून. निरोप मिळाला असणार. तू फोन केला नाहीस.

बाटलीत काय आहे? खरं लिही. उलट टपाली लिही.

अक्का


शिरसी
१ ऑक्टोबर १९९८

अक्का,

निरोप मिळाला होता. मी फोनपर्यंत गेले आणि परत आले. तुझा आवाज ऐकला असता तर खोटंच बोलले असते. कागदावर तेवढं खोटं लिहिता येत नाही.

ते झोपेचं औषध आहे. म्हणजे खाजेचं, ॲलर्जीचं, पण त्याने पोरं झोपतात. दवाखान्यातला कंपाउंडर ओळखीचा आहे. जूनच्या शेवटी मी त्याला म्हटलं, रात्रभर तळमळते, लाथा झाडते, उठून बसते, घरात कुणाला झोप नाही. तो म्हणाला, “बाई, अर्धा चमचा द्या, सगळं घर झोपेल.” अर्ध्याचा एक मीच केला. गाढ झोपते असं मी लिहिलं ते अर्धंच खरं होतं, आणि तुझा नियम लागू पडला असं लिहिलं ते खोटं होतं. ह्यांना माहीत नाही. सासूबाईंना माहीत नाही.

मला वाटलं तिला झोप मिळाली की दिवसा शहाणी होईल. खरं तेही नाही. खरं हे की मला झोप हवी होती. तीन महिने ती तिथे श्वासासाठी झगडत होती आणि मी हातभर अंतरावर झोपले होते. मी झोपले, अक्का. घोरणं थांबलं की मला बरं वाटायचं. मी मनात म्हणायचे, झोपली बाई एकदाची शांत.

तिला काही झालं तर नाही ना? तू पत्रात सगळं लिहिलं नाहीस असं मला वाटतंय. “बुधवारी रात्री चमचा दिला” एवढंच लिहून तू पुढे गेलीस. बुधवारी काय झालं?

आज दसरा. पाटीपूजन झालं. तिची पाटी मी मांडली, आणि मग सबंध पूजाभर मला ती पाटी बघवेना.

मंगला


हासन
८ ऑक्टोबर १९९८

मंगले,

रडून झालं असेल तर ऐक, कारण आता कामाचं आहे.

वसतिगृहाच्या डॉ. लीलावतींनी बॅटरीने घसा पाहिला आणि मलाही दाखवला. दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलच्या गाठी सुपारीएवढ्या होऊन मधोमध एकमेकींना टेकल्या आहेत. पुट्टम्माचं दार म्हणजे हेच. बाटली बघून त्या म्हणाल्या, “आधीच श्वासाची वाट अरुंद, त्यात जागं करणाऱ्या राखणदाराला गुंगी.” त्यांनी मला ओरडायचं ते ओरडून घेतलं. तुझ्या वाटचं मी ऐकून घेतलं आहे, त्यामुळे तू पुन्हा ऐकायची गरज नाही.

सोमवारी मी तिला मैसूरला डॉ. चंद्रमौळींकडे नेलं. नाककानघशाचे डॉक्टर. क्ष-किरणात नाकाच्या मागेही एक गाठ दिसली, तीही वाट अडवून बसलेली. त्यांनी मला विचारलं, “शाळेत कशी आहे?” मी तुझी सगळी पत्रं आठवून सांगितलं. चावणं, पेंगणं, अंथरूण, भुंगा. त्यांनी मान हलवली. म्हणाले, “ही मुलगी रात्रभर झोपत नाही हो, पोहते. बुडू नये म्हणून हातपाय मारते. आणि सकाळी आपण तिला म्हणतो, शहाण्यासारखी बस. मोठं माणूस दमलं तर पेंगतं. मूल दमलं की पेंगतं तरी, नाहीतर उधळतं.”

मी विचारलं, मग शस्त्रक्रियेने ती सुधारेल का? ते म्हणाले, “श्वास सुधारेल, बहुतेक. स्वभावातलं किती यामुळे आणि किती तिचं स्वतःचं, ते तेव्हाच कळेल.” खोटा धीर देत नाहीत, म्हणून मला ते आवडले.

शस्त्रक्रिया महिनाअखेर करायची म्हणतात. अशा मुलांना भूल देताना आणि नंतरच्या रात्री जास्त जपावं लागतं, हेही सांगितलं. आईबापाची सही लागते. सुब्रायांना सगळं सांग. बाटलीसकट सांग.

अक्का


शिरसी
१३ ऑक्टोबर १९९८

अक्का,

सांगितलं. बाटलीसकट.

ते जेवता जेवता उठले. हात धुऊन आले. मग म्हणाले, “माझे वडील सत्तर वर्षं घोरले, कुणी त्यांचा गळा कापला नाही.” सासूबाईंनी देवासमोर बसकण मारली. गळ्याला सुरी लावली की पोर मुकी होणार, हा त्यांचा हेका. मी समजावलं, डॉक्टरांचं वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, “वॉर्डनबाई आता डॉक्टर झाल्या?” आणि आणखी एक बोलले, ते मी लिहिणार नाही.

शुक्रवारी ते तिला आणायला निघत आहेत. सही करणार नाहीत. दिवाळी पोरगी घरी करेल, म्हणतात.

अक्का, मी काय करू? शाळेत मोठ्या बाईंपुढे बोलता येत नाही, घरात यांच्यापुढे येत नाही. तिला परत पाठवू नकोस असं म्हणायचाही हक्क मी गमावून बसले आहे. पण पाठवू नकोस. पाठवलीसच तर मी रात्रभर बसून राहीन, झोपणार नाही, एवढं वचन देते. पण बसून राहून काय होणार आहे? श्वास काय मी घेऊ शकते तिच्यासाठी?

मंगला


हासन
१८ ऑक्टोबर १९९८

मंगले,

सुब्राय शनिवारी सकाळी आले. दारातच चप्पल न काढता म्हणाले, “सिंचना, पिशवी भर.” तू जे लिहिलं नाहीस ते त्यांनी मला तोंडावर सांगितलं. स्वतःला पोरबाळ नाही म्हणून माझं हवंय, असं. मी म्हटलं, “बस दुपारी तीनला आहे. तोपर्यंत जेवा.” पुट्टम्माने भात केला होता, मुद्दाम.

जेवणानंतर सिंचना त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गोष्ट ऐकत होती. ऐकता ऐकता झोपली. मी म्हटलं, “मला काही सांगायचं नाही. तुम्ही फक्त बसा तिच्यापाशी.” आणि मी आत गेले. घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

अर्ध्या तासाने त्यांची हाक आली. मोठ्याने, घाबरलेली. “अक्का! अक्का, ही श्वास घेत नाही!” इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अक्का म्हटलं. मी पोचेपर्यंत हबका येऊन गेला होता. ते तिच्या छातीवर तळहात ठेवून बसले होते, हात उचलायला तयार नव्हते. म्हणाले, “माझ्या हाताखाली छाती हलतेय, पण वारा नाही.” मग पुन्हा झालं. आणि पुन्हा. तीनची बस गेली. मी आठवण करून दिली नाही.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “सही कुठे करायची?”

आता तू विचारलं होतंस ते. बुधवारी तो चमचा दिल्यावर रात्री मी उठले ती सहज, पाणी प्यायला. तिचा श्वास थांबला होता आणि ओठ जांभळाच्या डागासारखे झाले होते. मी तिला उचलून उभं केलं, पाठ चोळली, नावाने ओरडले. कितीतरी वेळाने हबका आला. मला तहान लागली नसती तर काय, हा विचार मी अजून पूर्ण करू शकलेले नाही. तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण तू एकटी होतीस. आता दोघं आहात, म्हणून लिहिते.

कंपाउंडरकडे पुन्हा जाऊ नकोस. भांडायलासुद्धा नको. ते मी बघते.

अक्का


मैसूर
२७ ऑक्टोबर १९९८

अक्का,

तुझं वसतिगृह सुरू झालं नसतं तर तू इथे असतीस, आणि मला हे लिहावं लागलं नसतं. ह्यांना चहा आणायला पाठवलं आहे. त्यांच्यासमोर लिहिता येत नाही, ते प्रत्येक ओळीला “काय लिहिलंस?” म्हणून विचारतात.

काल सकाळी नेलं. हिरवा झगा तिच्या टाचांपर्यंत येत होता. तिने भूल देणाऱ्या बाईंना विचारलं, “मला झोपवणार? आमच्या शाळेत झोपलं की उभं करतात.” त्या हसल्या, म्हणाल्या, “इथे झोपलं की शाबासकी देतात.” दार बंद झालं. ह्यांनी भिंतीवरच्या फरश्या मोजल्या, उभ्या आणि आडव्या. मी काही मोजलं नाही. मला फक्त वाटत होतं की ते तीन महिने मीच तिला रोज रात्री भूल देत होते, आणि बाहेर कुणी डॉक्टर नव्हता.

सव्वा तासाने चंद्रमौळी आले. गाठी एका वाटीत घालून दाखवल्या. एवढ्याशा, अक्का. एवढ्याशा मांसाने माझ्या पोरीला उद्धट केलं होतं.

रात्र वाईट गेली. बोटाला चिमटा लावून ठेवतात, त्याच्या यंत्रावर आकडे येतात. घसा सुजलेला, त्यामुळे आकडे खाली यायचे, यंत्र ओरडायचं, नर्स येऊन मान सरळ करायची. मी तिला म्हटलं, “सिस्टर, तुम्ही झोपा थोडं, मी बघते.” ती म्हणाली, “अम्मा, झोपायचं असतं तर मी ही नोकरी केली असती का?” पहाटे आकडे थांबले, म्हणजे स्थिर झाले. यंत्र ओरडेना. मी घाबरून नर्सला बोलावून आणलं. ती म्हणाली, “काही बिघडलं नाही. ती झोपली आहे.”

मी वाकून कान लावला. आवाज होता. बारीक, एकसारखा. मला तो ओळखू आला नाही.

आठवडाभर मैसूरमध्येच राहायला सांगितलं आहे. ह्यांच्या सोसायटीतल्या एकांच्या बहिणीकडे उतरलो आहोत.

मंगला


हासन
१ नोव्हेंबर १९९८

मंगले,

हे पत्र पोचेल तेव्हा मला सगळं कळलेलं असेल, किंवा तुला मला सांगायचं नसेल. तरी लिहिते, कारण हात रिकामे ठेवले तर वेड लागेल.

दुपारी फोनवर तू फक्त “अक्का, रक्त” म्हणालीस आणि लाइन तुटली. तेव्हापासून मी फोनपाशी आहे. मैसूरचा नंबर लावते तर लागत नाही. खपली निघताना कधीकधी रक्त येतं, ताबडतोब परत यायचं, असं चंद्रमौळींनी सांगितलं होतं. तुम्ही गेलाच असाल. सुब्राय आहेत. गेलाच असाल.

एकोणीस वर्षं पहाटेच्या प्रार्थनेला पेंगणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत आले. रेणुका म्हणून एक होती. वर्षभर उभी केली. आळशी, खादाड, घोरते म्हणून मुली चिडवायच्या, मीही एकदा हसले होते. सातवीत नापास झाली, बापाने नेली. तिचा पत्ता मी आज जुन्या रजिस्टरमधून काढला. अरकलगूडजवळचं खेडं आहे. आता ती चोवीस वर्षांची असेल. तिला काय लिहायचं मला माहीत नाही. पण लिहिणार आहे.

पुट्टम्मा म्हणते जेवा. फोन वाजल्याशिवाय नाही.

साडेनऊ. वाजला. सुब्राय बोलले. रक्त थांबलं, एक रात्र दवाखान्यात ठेवणार, पोर आइस्क्रीम मागतेय. मी फोन ठेवला आणि पुट्टम्माच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती बिचारी वाढायची पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

पत्र फाडत नाही. पाठवते.

अक्का


शिरसी
१४ फेब्रुवारी १९९९

अक्का,

तू विचारतेस, “खरं सांग, कशी आहे?” खरं सांगते. आता तुला खोटं लिहायची सवय मोडली आहे.

देवदूत झालेली नाही. संक्रांतीला तीळगूळ वाटताना आतेबहिणीशी मारामारी केली. गणितात अजून मागे आहे, दोन वर्षांचं राहिलेलं तीन महिन्यांत कसं भरणार? दुसरीच्या बाईंचा राग गेलेला नाही, आणि सिंचनाचाही त्यांच्यावरचा गेलेला नाही. मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं, चंद्रमौळींचं पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, “बरं, मार्चपर्यंत बघू.” पूर्वी मी मान खाली घालून बाहेर आले असते. या वेळी म्हटलं, “मार्च नाही बाई, पुढचं सबंध वर्ष बघा.”

अंथरूण डिसेंबरपासून कोरडं आहे. तासाला पेंगत नाही. चावणं बंद. एक दिवस मला म्हणाली, “अम्मा, भुंगा गेला वाटतं, की झोपलाय?” मी म्हटलं, “गेला.” तिने विश्वास ठेवला की नाही माहीत नाही.

तोंडात मारलेलं तिला आठवतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, “सगळ्यांसमोर मारलं होतंस.” मी म्हटलं, सगळ्यांसमोर माफी मागू का? तिने बराच विचार केला आणि म्हणाली, “नको. ती पोरं पुन्हा हसतील.” हे कधी पुसलं जाईल असं मला वाटत नाही. पुसायला मी धडपडतही नाही.

रात्रीचं म्हणशील तर आता झोप माझी गेली आहे. ती शांत झोपते, खरंच शांत, आणि मी दर थोड्या वेळाने उठून नाकाशी हात धरते. हेही धरतात. एकदा दोघांचे हात अंधारात एकमेकांवर आपटले.

आणि आजची गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. पहाटे मला डोळा लागला होता. जाग आली तर शेजारी अंथरूण रिकामं. पांघरूण नीट घडी केलेलं. न्हाणीघर बघितलं, विहीर बघितली, विहिरीत वाकून बघितलं. ह्यांना उठवायचंही सुचलं नाही. मागच्या दारी गेले तर ती सुपारीच्या खळ्याच्या कट्ट्यावर बसली होती. फ्रॉकवर माझी शाल, पाय हलवत, कोवळ्या उन्हात.

मी ओरडलेच. “काय करतेस इथे? कोणी उठवलं तुला?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी विचित्र विचारत होते.

“कोणी नाही, अम्मा,” ती म्हणाली. “झोप संपली.”

मंगला